काटा ‘सापडत नाही’ म्हणून फोन करण्याआधी

“काल संध्याकाळपर्यंत वजन येत होतं, आज पोर्टच उघडत नाही.” आमची पायथन लायब्ररी वापरून वजनकाट्याचे वजन संगणकात घेणाऱ्यांचा असा फोन आला की आम्ही आधी टास्क मॅनेजर पाहायला सांगतो. तिथे बहुतेक वेळा कालचाच पायथन प्रोग्रॅम चालू सापडतो. खिडकी मिटली, प्रोसेस मात्र राहिली. आणि विंडोजमध्ये सीरियल पोर्ट, म्हणजे काट्याची केबल जोडायची जागा, एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. केबल आणि ड्रायव्हर बदलण्यात दिवस घालवू नका.

चूक नेहमीची असते. आमचे स्टॉप(), म्हणजे वजन वाचणे थांबवणारे फंक्शन, तुम्ही अ‍ॅटएक्झिटमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम बंद होताना पायथनने आपोआप करायच्या कामांच्या यादीत, टाकलेले असते. जागा योग्य वाटते खरी, पण पायथन बंद होताना आधी सगळे थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामे) संपण्याची वाट पाहतो, फक्त ‘डीमन’, म्हणजे ज्यांच्यासाठी थांबायचे नाही असे, सोडून, आणि मगच अ‍ॅटएक्झिटकडे वळतो. इकडे तुमचा नोंदी लिहिणारा थ्रेड आमच्या क्यूवर, म्हणजे वजनांच्या रांगेवर, पुढच्या वजनाची वाट पाहत बसलेला. त्याला उठवणार स्टॉप(), आणि स्टॉप()ची पाळी येणार तो उठून गेल्यावर!

मग काही जण तो थ्रेड डीमन करून टाकतात. प्रोग्रॅम लगेच बंद होतो, पण डीमन थ्रेड असेल तिथे तोडला जातो. शेवटच्या ट्रकचे वजन फाइलमध्ये उतरेलच याची खात्री नाही, आणि त्यावरून होणारे भांडण तुमच्या गिऱ्हाइकाशी असते.

स्टॉप() मुख्य फंक्शनच्या फायनलीमध्ये, म्हणजे चूक झाली तरी शेवटी चालणाऱ्या भागात, ठेवा. तुमच्या थ्रेडचे जॉइन(), म्हणजे तो संपेपर्यंत थांबणे, त्याच्यानंतर. आमच्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत पायथनचा विथ ब्लॉक वापरलात, तर तो संपताना स्टॉप() आपोआप होते.

“स्टॉप()ला अर्धा सेकंद का लागतो?” असेही विचारतात. वजन वाचणारा थ्रेड आमच्या सी प्लस प्लसच्या भागात चालतो आणि पोर्टवर एका वेळी जास्तीत जास्त अर्धा सेकंद थांबतो. तो स्वतःहून बाहेर पडेपर्यंत आम्ही थांबतो; मध्येच मारत नाही. थांबण्याआधी पायथनचे कुलूप, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारे गिल, सोडतो; कारण तो थ्रेड त्याच क्षणी तुमचे कॉलबॅक (वजन आल्यावर चालवायचे फंक्शन) बोलवायला गिल मागत असू शकतो. स्वतःचे रॅपर, म्हणजे सी प्लस प्लसला पायथनशी जोडणारा कोड, लिहिणाऱ्यांकडून नेमके हेच राहते आणि दोघे एकमेकांची वाट पाहत गोठतात. जॉइन टाळणे हाही उपाय नाही : सी प्लस प्लसमध्ये जॉइन वा डिटॅच (थ्रेड मोकळा सोडणे) न करता थ्रेड ऑब्जेक्ट नष्ट झाला, तर अख्खा प्रोग्रॅम कोसळतो.

वार्षिक देखभाल करार असलेल्यांनी आपला बंद करण्याचा कोड आम्हाला पाठवावा. तो आम्ही वाचून, दुरुस्त करून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.