पदपथ आणि सायकलमार्गासाठी परवडणारी फरसबंदी

पदपथ किंवा सायकलमार्ग खराब होतो तो बहुतेक वेळा खालून. चालणाऱ्यांच्या किंवा सायकलींच्या वजनाने चांगला पृष्ठभाग फारसा झिजत नाही. त्याची वाट लावतात ती खाली मुरलेले पाणी, झाडांची मुळे आणि देखभालीसाठी वर चढवलेली जड वाहने. म्हणून पैसे कमी असतील तर काटकसर वरच्या थरात करावी, पायाच्या थरात मुळीच नाही.

आधी भुसभुशीत माती काढून तळ दाबून घ्यावा. तळाला चिकणमाती लागली तर जिओटेक्स्टाईल (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कृत्रिम कापड) अंथरावे, नाहीतर ओल्या दिवसांत चिखल खडीत वर चढतो. त्यावर 40 मिमीपासून बारीक कचीपर्यंत मिश्र आकाराची खडी, दाबल्यावर 150 मिमी भरेल इतकी. सगळी एकदम ओतून प्लेट कॉम्पॅक्टर (सपाट पत्र्याच्या थरथरीने दाबणारे यंत्र) फिरवला तर वरचा भागच घट्ट होतो. दोन थर करावेत आणि प्रत्येक थर ओलसर करून दाबावा. पाया दोन्ही कडांना 15 सेंमी बाहेर काढावा; आधार नसलेली कड सर्वांत आधी तुटते. 2.5 मीटर रुंद, 100 मीटर लांब मार्गाला अशी दाबलेली खडी 42 घनमीटर लागते. सैल मोजून घेताना पावपट जास्त, म्हणजे सुमारे 53 घनमीटर मागवावी.

सर्वांत स्वस्त पृष्ठभाग म्हणजे 10 मिमीपासून खाली धुळीपर्यंतची दगडाची कच, ओलवून दाबलेली. कण टोकदारच हवेत. नदीतले गोल खडे एकमेकांत अडकत नाहीत. बागेतल्या सपाट वाटेला हा उत्तम पर्याय आहे. चढ 5 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मात्र पहिल्याच मोठ्या पावसात ओघळी पडतात.

सायकलींसाठी खर्चाच्या मानाने डांबर सरस, कारण सांधेच नसतात. पण रस्त्यासाठीचे भरड मिश्रण इथे वापरू नये. थराची जाडी सर्वांत मोठ्या खडीच्या किमान तिप्पट हवी, म्हणून 10 मिमी खडीचे मिश्रण 40 मिमी जाडीत घालावे. पातळ थर झपाट्याने निवतो. रोलर उशिरा आला तर आत पोकळ्या राहतात, त्यांतून हवा-पाणी शिरते, डांबर ठिसूळ होते आणि खडी सुटू लागते. रस्त्यावरचे मिश्रण गाड्यांच्या चाकांखाली नंतरही दाबले जाते, इथे ती सोय नाही. त्यामुळे डांबराचे प्रमाण रस्त्यापेक्षा किंचित जास्त ठेवावे.

जमिनीखाली पाइप किंवा केबल असतील तर 60 मिमीचे पेव्हर ब्लॉक सोयीचे, काढून पुन्हा बसवता येतात. त्यांखाली वाळू सगळीकडे सारखी 30 मिमी असावी. पायातले खड्डे वाळूने भरून काढले की तिथेच ब्लॉक खचतात. कडेला पक्का कर्ब, म्हणजे ब्लॉक सरकू न देणारी काठाची कड, हवीच. कडा तासलेले ब्लॉक सायकल आणि व्हीलचेअरला हादरे देतात, ते टाळावेत.

काँक्रीट सुरुवातीला महाग पडते, पण सर्वांत जास्त टिकते. 100 मिमी जाडीला दर 2.5 मीटरवर 30 मिमी खोल सांधा, तोही अरुंद, करवतीने कापलेला. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवणे, सात दिवस. ते टाळले तर तडे ठरलेले.

पृष्ठभाग कोणताही असो, आडवा ढाळ 2 टक्के, म्हणजे मीटरला 2 सेंमी. काम ताब्यात घेण्यापूर्वी 3 मीटरची सरळ पट्टी ठेवून फट तपासावी, मग पाणी ओतून पाहावे. जिथे डबके साचेल तिथला भाग, बिल चुकते करण्याआधीच, दुरुस्त करून घ्यावा.