सुपारीखाली ठेवलेले दहा अंक

मे महिन्यातली श्रीवर्धनची दुपार. पडवीत भाचीने वहीचं पान फाडून दहा चिठ्ठ्या केल्या, त्यांवर 0 ते 9 अंक लिहिले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक रोठा सुपारी ठेवली. मी तिला कोडं घातलं होतं: दहाही अंक एकेकदाच वापरून अशी संख्या मांड, की पहिल्या दोन अंकांच्या संख्येला 2 ने, पहिल्या तिनांच्या संख्येला 3 ने, असं करत सगळ्या दहांच्या संख्येला 10 ने पूर्ण भाग जाईल.

सुरुवातीला शून्य नको म्हटलं, तर हे अंक 32,65,920 प्रकारे मांडता येतात. एकेक तपासायचं म्हटलं तर सुट्टी पुरायची नाही. पण शून्य शेवटी जाणार हे तिने लगेच ओळखलं. पाचव्या जागी मग 5 च. सम क्रमांकाच्या जागांवर सम अंक, म्हणजे उरलेल्या जागांवर विषम.

खरी गंमत इथून पुढे. 4 ने भाग जातो की नाही, हे शेवटच्या दोन अंकांवरून कळतं. तिसरा अंक विषम आहे, म्हणून चौथा 2 किंवा 6 च हवा: 12, 16, 32, 36 आठवून पाहा. 8 च्या कसोटीवर आठव्या अंकाचंही तेच होतं. मग 4 आणि 8 उरतात दुसऱ्या आणि सहाव्या जागेसाठी. शिवाय पहिल्या तीन अंकांची बेरीज 3 च्या पटीत, पहिल्या सहांचीही तशीच. म्हणजे मधल्या तिघांचीही. "मामा, मधे 258 नाहीतर 654 च बसतं!" ती ओरडली.

एवढ्यावर बत्तीस लाखांतून फक्त दहा संख्या उरतात. 9 ची काळजीच नको, कारण 1 ते 9 ची बेरीज 45. उरला 7, आणि तिथे सरळ भागाकारच करावा लागतो. 1472589 ला बाकी 6 उरली. अशा नऊ गळाल्या. 3816547 ला मात्र बरोबर 545221 चा भाग गेला.

ती एकमेव संख्या 3,81,65,47,290. तीन अब्ज एक्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद.

तिच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे 45 ने, तिला स्वतःलाही पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, हे नाव दिलं ते याच किनाऱ्यावर डहाणूला 1905 साली जन्मलेल्या द. रा. कापरेकरांनी. देवळालीत शाळामास्तरकी करत त्यांनी आयुष्यभर संख्यांचा नाद जोपासला. मला हे नाव फार आवडतं. त्या दुपारी ते पटलंही.

अंक पुन्हा वापरायची मुभा दिली तर ही साखळी आणखी लांबते, पण कायमची नाही. दहाव्या पायरीपर्यंत पुढचा अंक हमखास सापडतो. त्यानंतर 11, 12, 13 ने भाग जाण्यासाठी दहाच अंक अपुरे पडू लागतात. सर्वांत लांब साखळी 25 अंकांची, आणि तीही एकच: 3608528850368400786036725. तिच्यापुढे कोणताही अंक ठेवा, 26 ने भाग जात नाही.