गन्स अँड रोझेस मुंबईत दोनदा आले, त्यामागची भानगड

17 मे 2025 ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस हा अमेरिकन रॉक बँड वाजवून गेला. 'पुन्हा मुंबईत' वगैरे लिहिलं गेलं, कारण डिसेंबर 2012 मध्ये बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) ते येऊन गेलेले, पण तेव्हा आलेला म्हणजे गायक अ‍ॅक्सल रोझ आणि त्याने जमवलेली मंडळी, ना टोपीवाला गिटारिस्ट स्लॅश ना जुना बेसिस्ट डफ मकॅगन. त्याच वर्षी जुन्यांबरोबर परत वाजवणार का असं विचारल्यावर गायक म्हणालेला, या जन्मात नाही.

1987 चा गाजलेला पहिला अल्बम, दारू, ड्रग्ज, स्टेजवर तासंतास उशिरा येणं हे सगळ्यांना पाठ आहे, सोडून देऊ. खरी गुंतागुंत नावाची आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बँडमधल्यांचा आपसातला करार नव्याने झाला आणि 'गन्स अँड रोझेस' हे नाव गायकाकडे गेलं. बाकीच्यांचं म्हणणं की ऐन टूरमध्ये सही करा नाहीतर तो स्टेजवर जाणार नाही अशा दबावाखाली हे झालं. गायक म्हणतो साफ थापा, असं काही घडलंच नाही. कोण खरं देव जाणे, मला विचाराल तर नाव ज्याला मिळालं त्याच्या गोष्टीवर मी जरा कमीच विश्वास ठेवतो. पुढे 1995 मध्ये त्याने जुनी भागीदारी सोडली, नाव बरोबर नेलं, गिटारिस्ट 1996 ला गेला आणि बेसिस्ट 1997 ला. म्हणून 2012 ला बीकेसीत जे वाजलं ते कागदोपत्री शंभर टक्के गन्स अँड रोझेसच होतं, पब्लिक काहीही म्हणो.

2016 ला हे तिघं परत एकत्र आले, आणि टूरला नाव दिलं तेच, या जन्मात नाही! एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या छोट्या क्लबमधल्या पहिल्याच शोला चौपन्न वर्षांच्या गायकाने पायाचं हाड मोडून घेतलं, मग पुढचे शो दुसऱ्या एका रॉकस्टारचं सिंहासन उसनं आणून बसून केले (त्या रॉकस्टारचाही पाय आदल्या वर्षी मोडलेला, वय झालंय सगळ्यांचं). टूरने 2019 पर्यंत 58 कोटी डॉलरच्या वर गल्ला केला.

पण जुन्या पाचातले तीनच. रिदम गिटारिस्टने जाहीर सांगितलं की पैसे समान वाटायची बाकीच्यांची तयारी नव्हती म्हणून तो आला नाही, आणि 1990 ला काढलेल्या ड्रमरला मोजक्या शोंमध्ये एक-दोन गाण्यांपुरतं बोलावलं, जे मला तरी अपमानासारखंच वाटलं. रेसकोर्सवर ड्रम्सला जो होता तो तर मार्चमधला बदल, तोवर बँडमध्ये दोन-अडीच महिनेही झाले नव्हते. गायक त्रेसष्ट वर्षांचा, वरच्या पट्टीतली ती धार आता राहिलेली नाही, आवाज पातळ लागतो हे कान असलेल्या कुणालाही कळत होतं. पण पोरांना घेऊन आलेली, मधेच कंबर धरून खाली बसणारी चाळिशी-पन्नाशीची जनता स्वतःच एवढ्या जोरात गात होती की त्याचा आवाज ऐकायची तशी गरजच पडली नाही.