टम्बलिंग मीडिया

धातूचे सुटे भाग यंत्रात घुसळून घासताना त्यांच्यासोबत जे दगड, गोळ्या, बारीक सळ्या किंवा भरड टाकली जाते, त्या सगळ्याला मिळून टम्बलिंग मीडिया म्हणतात. पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर, वाळूज अशा ठिकाणच्या मशीन शॉपमध्ये ‘स्टोन’ किंवा ‘चिप्स’ हे शब्दही चालतात, मग माल प्लास्टिकचा का असेना. मीडियाकडून तीन कामे करून घेतात: लेथ किंवा मिलिंगवरून उतरलेल्या जॉबच्या, म्हणजे सुट्या भागाच्या, कडेला राहिलेली बर (धातूची बारीक धारदार किनार) काढणे, गंज-तेल-काजळी साफ करणे आणि पृष्ठभागाला चकाकी आणणे. एकच मीडिया ही तिन्ही कामे नीट करत नाही. जो कापतो तो चमकवत नाही, जो चमकवतो तो कापत नाही. खरेदीतली निम्मी गल्लत हे न कळल्याने होते. उरलेली निम्मी मापात होते.

पूर्वी नदीतले गोटे, चुनखडी, ग्रॅनाइटचे तुकडे, लाकडाचा भुसा आणि कातड्याचे तुकडे हाच मीडिया होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर ठरावीक आकाराचे भाजलेले सिरॅमिक दाणे आले. 1950 च्या दशकात व्हायब्रेटरी यंत्रे आली आणि निवडीचे शास्त्र खऱ्या अर्थाने सुरू झाले, कारण दाण्याचे माप आता कारखानदाराच्या हातात होते.

यंत्र

आडवे बॅरल फिरते तेव्हा आतला माल एका बाजूने वर चढतो आणि वरच्या थरातून घसरत खाली येतो. घासण्याचे जवळजवळ सगळे काम या घसरत्या थरात होते; खालचा माल नुसता फिरून येतो. म्हणून बॅरल अर्धे किंवा त्याहून थोडे जास्त भरतात. 60 सेंमी व्यासाचे बॅरल मिनिटाला साधारण 55 फेऱ्यांपर्यंत नेले की माल भिंतीला चिकटून फिरू लागतो आणि काम थांबते. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी वेग ठेवतात. ‘व्हायब्रो’मध्ये, म्हणजे व्हायब्रेटरी यंत्रात, मात्र सगळा ढीग एकदम थरथरतो, मिनिटाला सुमारे 1,500 कंपने. तिथे टाकी जवळपास भरलेली हवी. अर्धी टाकी चालवून मीडिया वाचवू पाहणाऱ्याचे जॉब एकमेकांवर आपटून पोचे घेऊन बाहेर येतात.

माप आणि आकार

मीडिया निवडताना लोक आधी धातू विचारतात. खरे तर पहिला प्रश्न असा असायला हवा: दाणा अडकेल कुठे?

समजा, अॅल्युमिनियमच्या एका छोट्या बॉडीला 8 मिमीचे आरपार भोक आहे आणि एम6 आट्यांसाठी पाडलेली 5 मिमीची दोन बंद भोके आहेत. दाणा एकतर एवढा मोठा हवा की त्याचा कोपराही भोकात शिरणार नाही, नाहीतर भोकाच्या व्यासाच्या एकतृतीयांशापेक्षा लहान हवा, म्हणजे तो शिरेल आणि तसाच बाहेरही येईल. मधले सगळे धोक्याचे. त्यातही निम्म्याच्या आसपासचे माप सर्वांत वाईट. 4 मिमीचे दोन दाणे 8 मिमीच्या भोकात शेजारी शेजारी शिरतात आणि कमानीतल्या दगडांसारखे एकमेकांना रेटून घट्ट बसतात. मग एकेक जॉब हातात घेऊन सळीने ठोकून दाणे काढायचे. तेवढ्या वेळात कानशीने सगळी बर निघाली असती.

कागदावर माप बरोबर असले तरी हा प्रश्न कायमचा सुटत नाही, कारण मीडिया झिजतो. आज न अडकणारा 15 मिमीचा त्रिकोण काही महिन्यांनी 8 मिमीचा होणारच आहे. त्यामुळे चालू मीडिया ठरावीक काळाने चाळून बारीक झालेला माल बाजूला काढणे आणि तेवढाच नवा टाकणे हे निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. ‘इतके दिवस हाच स्टोन चालत होता, आताच कसा अडकायला लागला?’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा चाळणीत सापडते.

चाळणीचा दुसरा हिशोब शेवटी लागतो. काम संपल्यावर मीडिया खाली पडला पाहिजे आणि जॉब वर राहिले पाहिजेत, किंवा उलट. दोन्ही एकाच मापाचे असतील तर हाताने निवडण्याशिवाय गत्यंतर नाही. पोलादी जॉब चुंबकाने उचलता येतात. पितळ आणि अॅल्युमिनियमला ती सोय नाही.

आकाराचे तर्कशास्त्र सोपे आहे. त्रिकोणाचे टोक कोपऱ्यात आणि खाचेत पोचते. तिरका कापलेला दंडगोल अरुंद फटीत शिरतो. शंकू भोकाच्या तोंडावरची बर काढतो. गोळ्याला टोकच नसल्याने तो आतल्या कोपऱ्याला स्पर्श करत नाही, पण पृष्ठभागावर एकसारखा चालतो आणि सहसा अडकत नाही. खोल भोकाच्या आत, त्याला आडवे भोक जिथे मिळते तिथे राहिलेली बर कुठल्याच आकाराने निघत नाही. ती हातानेच काढावी लागते आणि विक्रेता काहीही सांगो, तिच्यासाठी मीडिया बदलत बसू नये.

सिरॅमिक, प्लास्टिक, पोलाद

सिरॅमिक मीडियात अॅल्युमिना किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कापणारे कण मातीत कालवून भट्टीत भाजलेले असतात. कण जितके जास्त आणि भरड, तितका तो जोरात कापतो आणि स्वतःही लवकर झिजतो. कण जवळजवळ नसलेला पांढरा पोर्सेलिन मीडिया कापत नाही. तो चोपतो आणि चमक आणतो. पोलाद, बीड (ओतीव लोखंड), स्टेनलेस यांच्यासाठी सिरॅमिक हीच पहिली निवड. नवा सिरॅमिक मीडिया आणल्या आणल्या जॉबवर घालू नये. त्याच्या धारदार कडा आधी टवके होऊन उडतात आणि नेमक्या भोकात जाऊन बसतात. काही तास रिकामा फिरवला की तो शांत होतो.

प्लास्टिक मीडियात तेच कण पॉलिएस्टर रेझिनमध्ये बांधलेले असतात. वजन इथे निर्णायक ठरते. शंभर लिटरच्या टाकीत सिरॅमिक साधारण 150 किलो बसतो, प्लास्टिक 90 किलोच्या आसपास. हलका आणि मऊ असल्याने तो अॅल्युमिनियम, पितळ आणि जस्ताच्या डाय-कास्ट भागांवर ठोक्यांच्या खुणा सोडत नाही. अॅनोडायझिंग किंवा क्रोम प्लेटिंगला जाणाऱ्या मऊ धातूला म्हणून प्लास्टिक शंकू लावतात. मात्र त्याचा फेस होतो आणि रेझिनचा बारीक थर जॉबवर राहतो. तो नीट धुतला नाही तर प्लेटिंगची पकड बसत नाही, आणि मग दोष उगाच प्लेटिंगवाल्याच्या माथी येतो.

पोलादी मीडिया, म्हणजे गोळ्या, सळ्या आणि कडेला पट्टी असलेले बॉलकोन, या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. तो एक कणही कापत नाही. वजनाने पृष्ठभागाची सूक्ष्म टोके दाबून सपाट करतो, म्हणूनच चमक येते आणि वरचा थर थोडा कडकही होतो. खोल ओरखडा तो घालवत नाही, उलट चकचकीत करून उठून दिसायला लावतो. शंभर लिटरला साडेचारशे किलोच्या घरात वजन जात असल्याने सिरॅमिकसाठी घेतलेल्या यंत्रात तो तसाच ओतला तर स्प्रिंग आणि मोटर दोन्ही जातात. साधा पोलादी माल रात्रभर ओला उघडा ठेवला की गंजतो, आणि दुसऱ्या दिवशीचे सगळे जॉब काळवंडून निघतात.

चांदीच्या कामात याच मीडियाचा उपयोग होतो. चांदी उजळायला रिठ्याचे पाणी आणि ब्रश ही जुनी रीत. कोल्हापूर जिल्ह्यातली हुपरी ज्यासाठी ओळखली जाते त्या पैंजणांच्या कड्या-घुंगरांसारख्या बारीक कामात ब्रश सगळीकडे पोचत नाही. तिथे स्टेनलेस शॉट, म्हणजे बारीक गोळ्या-सळ्या, किंवा मॅग्नेटिक टम्बलर कामाला येतो. मॅग्नेटिक टम्बलरमध्ये भांड्याखाली चुंबक फिरतात आणि अर्ध्या मिलिमीटरहून बारीक स्टेनलेस पिना जाळीच्या आतपर्यंत नाचतात. चुंबक ओढणार नाही असाच दागिना यात चालतो. मुद्दाम ऑक्सिडाइज करून खाचांत काळेपणा राखलेला दागिना यात टाकला, तर पिना तो काळेपणाही प्रामाणिकपणे काढून टाकतात. मोती किंवा मऊ खडे असलेले काम टम्बलरपासून लांबच ठेवावे.

कोरडा मीडिया

अक्रोडाच्या कवचाची भरड आणि दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाची भरड हे दोन कोरडे मीडिया पॉलिश पावडर लावून वापरतात. अक्रोड डाग काढायला बरा, मका शेवटची झळाळी द्यायला आणि तेल-पाणी शोषून घ्यायला. ओल्या टम्बलिंगनंतर जॉब वाळवायला गरम केलेला मका वापरतात, म्हणजे पाण्याचे डाग पडत नाहीत. बंद भोक असलेल्या जॉबला मात्र हा मका आत ठासून बसतो आणि हवेच्या दाबाने फुंकून काढावा लागतो.

अमेरिकेत वापरलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी पुन्हा भरण्याचा छंद मोठा आहे, आणि घरगुती टम्बलरची बरीच विक्री त्याच्यावर चालते. मापाचा नियम तिथेही तसाच लागू होतो. नळकांड्याच्या बुडाला असलेले भोक सुमारे 2 मिमीचे असते. 1 मिमीच्या आसपासच्या दोन स्टेनलेस पिना त्यात शेजारी शेजारी अडकतात, म्हणून किंचित जाड पिना घेतलेल्या बऱ्या. वापरलेल्या नळकांड्यांत प्रायमरमधले (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीतले) शिसे उरलेले असते. कोरड्या टम्बलिंगमध्ये ते धुळीत येते, त्यामुळे झाकण घरात उघडू नये.

प्रमाण, पाणी, साबण

मीडिया आणि जॉब यांचे प्रमाण आकारमानाने मोजतात. ओबडधोबड कास्टिंगला एकास एक चालते, सर्वसाधारण कामाला तीनास एक, आणि जॉबला जॉब लागायलाच नको असेल तर दहास एक किंवा त्याहूनही जास्त. उत्पादन वाढवायचे म्हणून हे प्रमाण गुपचूप खाली आणले जाते, आणि ओरखडे दिसू लागले की दोष मीडियाला जातो.

पाण्यासोबतचा साबण, ज्याला कंपाउंड म्हणतात, तो सुटलेली घाण तरंगती ठेवतो. पाणी कमी पडले की तीच घाण दाण्यांवर बसते, दाणे गुळगुळीत होतात आणि कापणे बंद होते. अशा वेळी मीडिया संपला असे समजून नवा मागवण्याआधी जुना मीडिया भरड पावडर घालून काही वेळ रिकामा फिरवून पाहावा. पोलादाला गंजरोधक कंपाउंड लागते. अॅल्युमिनियमला तीव्र अल्कधर्मी कंपाउंड चालत नाही: पृष्ठभाग काळा पडतो आणि हायड्रोजन सुटतो. पूर्ण बंद बॅरलमध्ये हा वायू साठून झाकण उडू शकते, म्हणून मधून मधून वायू सोडावा लागतो. साध्या पोलादावर वापरलेला मीडिया स्टेनलेसवरही वापरू नये. त्यात रुतलेले लोखंडाचे कण स्टेनलेसवर उतरतात आणि ज्याला गंज चढत नाही म्हणून ग्राहकाने पैसे मोजले, त्याच भागावर तांबूस ठिपके उमटतात.

निवड पक्की करण्याआधी थोडे जॉब घालून दर पंधरा मिनिटांनी एक बाहेर काढावा आणि बर, कड व आटे भिंगाखाली पाहावेत. बर गेली आणि कड अजून मापात आहे, तिथे यंत्र थांबवायचे. त्यापुढे चालवले तर धारदार हवी असलेली कडही गोल होते.

टाकीतून वाहणाऱ्या पाण्यात झिजलेल्या मीडियाचा आणि धातूचा बारीक गाळ असतो. तो तुरटीसारखे साका बसवणारे द्रव्य घालून वेगळा करतात आणि घातक कचऱ्यात जमा करतात, गटारात सोडत नाहीत. अॅल्युमिनियमच्या कामाचा ओला गाळ घट्ट झाकणाच्या पिंपात भरून ठेवू नये. बारीक अॅल्युमिनियम पाण्याशी क्रिया करत राहते आणि पिंपातही हायड्रोजन साठतो.