कोवळं ऊन आणि ड जीवनसत्त्व

‘सकाळी सहा-सातचं कोवळं ऊन अंगावर घ्या, भरपूर ड जीवनसत्त्व मिळतं,’ हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. तो देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, आणि ऊन हवं हेही खरं. चुकते ती वेळ.

त्वचेत ड जीवनसत्त्व तयार व्हायला साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना प्रकाश तिरका येतो, हवेच्या जाड थरातून त्याला यावं लागतं, आणि वाटेत ओझोन हेच किरण शोषून घेतो. लाल-पिवळा प्रकाश मात्र पोहोचतो. म्हणून ते ऊन उबदार वाटतं, पण या कामाला फारसं उपयोगी पडत नाही. बंद काचेच्या खिडकीतलं ऊनही तसंच, कारण साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते.

पडताळायचं असेल तर अंगणात उभे राहा आणि सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि हे किरण पुरेसे मिळतात. डिसेंबरात पुण्यात ही वेळ दुपारी साडेबाराच्या आधी साधारण तासभर आणि नंतर साधारण तासभर एवढीच असते. अशा उन्हात थोडा वेळ पुरतो. सावळ्या त्वचेला जास्त लागतो, पण त्वचा लाल होईपर्यंत थांबू नये.

कोवळं ऊन सोडू मात्र नका. त्यातला सुमारे ४८० नॅनोमीटरचा निळसर प्रकाश डोळ्यांवाटे शरीराचं घड्याळ लावतो, आणि रात्रीची झोप वेळेवर येते.