‘वन-पंच मॅन’, खंड 1 : घरी नेण्याआधी एवढं वाचा

हे पत्रक खंडाच्या आतच ठेवलेलं असतं. वाचून झालं की परत आत सरकवा, पुढच्या सभासदाला लागतं.

आधी पुस्तक धरायचं कसं ते सांगतो. जपानी मांगा, म्हणजे तिकडची चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचतात आणि आमच्याकडच्या विझ मीडियाच्या इंग्रजी आवृत्तीतही ती मांडणी तशीच ठेवली आहे. त्यामुळे आपल्याला जे मलपृष्ठ वाटतं, तेच इथे मुखपृष्ठ. पानावर वरच्या उजव्या कोपऱ्यातली चौकट आधी, मग तिच्या डावीकडची, मग खालची रांग. संवादांचे फुगेही त्याच क्रमाने. सुरुवातीची काही पानं डोळे अडखळतात, मग सवय होते. उलट्या बाजूने सुरुवात झालीच तर शेवट आधी कळतो खरा, पण या मालिकेत त्याने फारसं बिघडत नाही. शेवट नावातच सांगून ठेवलाय.

गोष्ट सैतामा नावाच्या तरुणाची. टक्कल, पिवळा पोशाख, लाल हातमोजे, पाठीवर पांढरी केप. समोर कितीही अक्राळविक्राळ राक्षस येवो, याचा एक ठोसा बसला की खेळ खलास. आणि नेमकं त्याचंच त्याला दुःख आहे. कुणीतरी आपल्याला दोन हात करायला लावावेत, जिवाची भीती वाटावी, यासाठी तो तरसतो. पहिल्याच प्रकरणात पृथ्वीच्या प्रदूषणातून जन्मलेला व्हॅक्सिन मॅन अख्खं शहर उद्ध्वस्त करतो, मानवजातीच्या पापांवर लांबलचक भाषण देतो, रूप पालटून आणखी भयानक होतो. पुढच्या पानावर तो संपलेला असतो आणि सैतामा वैतागून ओरडत असतो की पुन्हा एकाच ठोशात आटोपलं.

बरेच सभासद इथेच फसतात. मारामारीसाठी पुस्तक उघडायचं आणि मारामारी तर पानभरही टिकत नाही, मग ‘यात गोष्टच नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी खंड परत. आमचं म्हणणं असं की ठोशाकडे बघूच नका. ठोशाच्या अलीकडे राक्षस किती बडबड करतो आणि पलीकडे सैतामाचा चेहरा कसा पडतो, सगळी गंमत तिथे आहे. प्रकरणांना इथे ‘पंच 1’, ‘पंच 2’ अशी नावं आहेत. प्रत्येक पंच छोटा आहे, पण घाईने संपवू नका.

दुसरं प्रकरण आमचं सगळ्यात आवडतं. काळ तीन वर्षांपूर्वीचा. सैतामाच्या डोक्यावर भरपूर केस आहेत आणि हाताला काम नाही. मुलाखतीत नकार घेऊन, सुटाबुटात, मान खाली घालून तो घरी निघालाय. वाटेत एक खेकडामानव आडवा येतो. खेकडे खाऊन खाऊन खेकडा झालेला माणूस! सैतामाचे मेल्यासारखे डोळे बघून तो राक्षससुद्धा म्हणतो, जा बाबा, तुला सोडलं. त्याला हवाय तो एक खोडकर मुलगा, ज्याने हा झोपला असताना याच्या अंगावर पेनाने नको ते काढून ठेवलंय. त्या मुलाला वाचवायला सैतामा मध्ये पडतो, बेदम मार खातो आणि शेवटी गळ्यातल्या टायने खेकड्याचा निकाल लावतो. लहानपणी आपल्याला हीरो व्हायचं होतं, हे त्याला त्या मारामारीत आठवतं. अख्ख्या खंडात सैतामाला खरोखर झुंजावं लागतं ते एवढंच. त्यामुळे पुढच्या सगळ्या सोप्या विजयांकडे आपण जरा वेगळ्या नजरेने बघतो.

बाकीच्या प्रकरणांत एक प्रचंड राक्षस आहे, जो खांद्यावर उभ्या असलेल्या आपल्याच भावाला चुकून चापट मारून चिरडतो. जमिनीखालचे लोक आहेत. एक मच्छरकन्या आहे. तिच्याशी लढताना जेनोस हा एकोणीस वर्षांचा सायबॉर्ग, म्हणजे अर्धा माणूस अर्धं यंत्र, हरत येतो, तेव्हा हातात मच्छर मारायचं औषध घेऊन एका साध्या डासामागे धावणारा सैतामा तिथे टपकतो. पुढे जेनोस शिष्य होण्यासाठी त्याच्या घरी येऊन बसतो आणि आपली करुण कहाणी पानभर ओतत राहतो. सैतामा काही वेळ दम धरतो, मग म्हणतो, वीस शब्दांत सांग. सुपरहीरोंच्या गोष्टींत हीरोचा भूतकाळ किती लांबवतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हे पान दुकानात उभ्या उभ्या वाचू नये, मोठ्याने हसू येतं.

चित्रांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण भाडं वसूल होतं ते तिथे. ही मालिका दोघांची आहे. ‘वन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्याने 2009 मध्ये ती स्वतःच काढून इंटरनेटवर फुकट टाकायला सुरुवात केली. रेषा कच्ची, गोष्ट मात्र पक्की. लोक तुटून पडले. मग युसुके मुराता या मुरलेल्या चित्रकाराने ती नव्याने रेखाटायला घेतली. मुराता यांची अमेरिकन फुटबॉलवरची मालिका 2002 ते 2009 अशी सात वर्षं जपानच्या साप्ताहिकात गाजलेली होती. नव्या रूपातली मालिका जून 2012 मध्ये शुएइशा प्रकाशनाच्या संकेतस्थळावर सुरू झाली, हा पहिला खंड जपानमध्ये त्याच वर्षी डिसेंबरात आला आणि छापील इंग्रजी खंड सप्टेंबर 2015 मध्ये.

मुराता राक्षसाचा एकेक स्नायू, कोसळत्या इमारतीची एकेक वीट काढतात. आणि त्या सगळ्या थाटामाटात सैतामाचा चेहरा म्हणजे सोललेलं उकडलेलं अंडं, त्यावर दोन ठिपके आणि एक आडवी रेघ. क्वचित कधी तो खरंच गंभीर होतो, तेव्हा त्याच चेहऱ्यावर सावल्या येतात, डोळे धारदार होतात. तो बदल एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत होतो आणि पान भराभर उलटलं तर हातातून निसटतो. रंगीत चित्रांची अपेक्षा मात्र ठेवू नका, मांगा बहुतेक काळ्या-पांढऱ्यातच असतो.

पालकांसाठी : प्रकाशकांनी याला किशोर गटाचा, म्हणजे तेरा वर्षं आणि पुढचा, शिक्का दिला आहे. आम्हीही त्याखालच्या मुलांना त्यांच्या कार्डावर देत नाही. राक्षसांच्या चिंधड्या उडतात, रक्त दिसतं. मच्छरकन्येचं चित्रण अंगप्रदर्शन करणारं आहे, आणि त्याच प्रकरणात सैतामाचे कपडे जळून जातात, तो प्रसंग विनोदी असला तरी काहींना खटकतो. ‘कार्टून आहे ना’ म्हणून चौथीतल्या मुलासाठी नेऊ नका.

ॲनिमे, म्हणजे याच गोष्टीची जपानी ॲनिमेशन मालिका, पाहिलेल्यांचा प्रश्न नेहमीचा : मग पुस्तक कशाला? 2015 मध्ये आलेला मॅडहाउस स्टुडिओचा पहिला सीझन बारा भागांचा आहे आणि साधारण पहिल्या सात खंडांची गोष्ट सांगतो. घाई असेल तर आठव्यापासून घ्या, आमची हरकत नाही. पण पडद्यावर प्रसंग त्यांच्या वेगाने पुढे सरकतो. इथे एका पानावर किती वेळ थांबायचं ते तुम्ही ठरवता, आणि मुरातांची मोठी, दोन पानांवर पसरलेली चित्रं थांबून बघण्यासारखी आहेत.

हीच दुपानी चित्रं बघताना लोक पुस्तक उताणं करून दाबतात आणि खंड मध्येच दुभंगतो. बाइंडिंग गोंदाचं आहे. हाताने जेवढा उघडतो तेवढाच उघडा. पानं सुटली तर स्वतः चिकटपट्टी लावू नका, तसाच आणून द्या, आम्ही नीट करून घेतो, त्याचे पैसे लावत नाही. पान फाटलं किंवा भिजलं तर मात्र डिपॉझिटमधून कापून घ्यावं लागतं.

विकत घेणार असाल तर पदपथावरच्या नकली प्रतींपासून सावध राहा. या मालिकेची मजा रेषेत आहे आणि नकली छपाईत नेमकी तीच जाते. काळा रंग राखाडी उतरतो, बारीक रेघा एकमेकींत मिसळतात, कडेची चित्रं कापली जातात. दुकानात आमच्या प्रतीशेजारी ठेवून बघा, कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

आता शेवटचं, पण कामाचं. पहिला खंड एकटा नेऊ नका. ‘उत्क्रांतीगृह’ नावाच्या टोळीचे प्राणी-राक्षस सैतामाच्या घरावर चाल करून येतात (त्यातल्या एकाने घराचं छत फोडलं, तर सैतामाला राग येतो तो छताचा) आणि ती भानगड सुरू असतानाच मुख्य गोष्ट थांबते. पुढे फक्त शाळकरी सैतामाची ‘दोनशे येन’ (येन म्हणजे जपानी चलन) नावाची एक छोटी जोडगोष्ट आहे. त्या टोळीचं पुढे काय होतं ते दुसऱ्या खंडात. सैतामाला एवढी ताकद आली कुठून, हेही तिथेच कळतं : रोज शंभर जोर, शंभर सिट-अप्स, शंभर बैठका आणि दहा किलोमीटर धावणं. एवढंच. ऐकून जेनोस चिडतो, तालमीत जाणारे आमचे काही सभासदही चिडले होते. दोन्ही खंड एकत्र नेलेत तर मुदत सातऐवजी दहा दिवसांची मिळते. दुसरा कपाटात दिसला नाही तर काउंटरवर नाव लिहून ठेवा, परत आला की फोन करतो.