‘केवळ एक सिद्धांत’ म्हणजे नेमके काय?

‘उत्क्रांती हा केवळ एक सिद्धांत आहे, म्हणून शाळेत निर्मितिवादही (सजीवसृष्टी देवाने निर्माण केली हे मत) बरोबरीने शिकवावा’, हे अमेरिकेतील काही राजकारण्यांचे जुने म्हणणे आजही फिरत असते. बोलण्यात ‘थिअरी’ म्हणजे अंदाज, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. विज्ञानात मात्र वारंवार तपासून टिकलेल्या स्पष्टीकरणालाच ती संज्ञा मिळते (मराठी ‘सिद्धांता’त तर ‘सिद्ध’ आहेच). उत्क्रांतीच्या पडताळ्यासाठी गुणसूत्रे (पेशीतील डीएनएचे धागे) पाहावीत. चिंपांझीत २४ जोड्या असतात, माणसात २३. पूर्वज समान असतील तर कुठेतरी दोन गुणसूत्रे जुळल्याची खूण सापडायला हवी, आणि एरवी गुणसूत्रांच्या टोकांशी आढळणारे डीएनएचे क्रम माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या आतल्या भागात खरोखरच सापडतात. उत्क्रांतीसोबत निर्मितिवाद शिकवण्याची सक्ती करणारा अमेरिकेतील लुइझियाना राज्याचा कायदा १९८७ साली, हेतू धार्मिक असल्याच्या कारणावरून, घटनाबाह्य ठरला.